बुरूज हिरकणीचा, गाणं कोणाचं?

रविवारची सकाळ. हिरकणीवाडीत रोपवेच्या पायथ्याशी ही लांब रांग लागली होती. शाळेच्या सहलीची मुलं, नुकती लग्नं झालेली जोडपी, नातवंडांना गड दाखवायला निघालेले आजोबा, आणि रांगेच्या कडेला ताकाची भांडी घेऊन बसलेल्या दोन-तीन बाया. पाळणा यायला वेळ होता. रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलाने विरंगुळा म्हणून मोबाईलवर गाणं लावलं. तमाशातली गवळण होती. ढोलकीने जेमतेम ठेका धरला असेल नसेल, तोच मागून एक गृहस्थ कडाडले, "अरे, कुठे उभा आहेस याचं काही भान? महाराजांच्या गडाखाली तमाशाची गाणी लावतोस? पोवाडा लाव एखादा!"

मुलाने निमूटपणे गाणं बंद केलं. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी मान डोलावली. तेवढ्यात ताकवाली आजी कोणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली, "हिरकनी तरी कोन व्हती वो? गवळनच ना?"

कोणी उत्तर दिलं नाही. पाळणा आला, रांग पुढे सरकली, आम्हीही वर गेलो. पण आजीचा प्रश्न माझ्याबरोबर गडावर आला आणि गड उतरून घरापर्यंतही आला. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

हिरकणीची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, सांज झाल्यावर बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं मूल, आणि अंधारात, जिथून कोणी उतरू शकत नाही म्हणत त्या कड्यावरून उतरलेली आई. महाराजांनी तिला साडीचोळी देऊन गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून त्याला तिचं नाव दिलं, अशी आख्यायिका आहे. हा सगळा मुलूखच अशा गाण्या-गोष्टींचा. पलीकडे पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. तुळशीदास शाहिराने सिंहगडाचा पोवाडा रचला आणि तानाजी घराघरात पोहोचला. शौर्याचं गाणं आणि आईच्या मायेचं गाणं, ही दोन गाणी या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या घुमत आली. तिसरं गाणं, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या प्रेमाचं, ओढीचं, विरहाचं गाणं मात्र गडाच्या पायथ्याशी शोभत नाही, असं त्या गृहस्थांना वाटलं. त्यांचा राग प्रामाणिक होता, त्याबद्दल मला शंका नाही.

पण त्यांना कदाचित ठाऊक नसेल, की मराठी लावणीच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या, सर्वांत दुखऱ्या प्रेमकथेची एक गाठ इथून जवळच बसलेली आहे. गड उतरून पाचाडवरून तासाभरात आपण महाडला पोहोचतो. ती गाठ महाडच्या चवदार तळ्याशी जोडलेली आहे. ही कथा आहे पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची.

बापूरावांचं मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्ष या गावचा. घराणं ब्राह्मणाचं, वतन कुलकर्णीपणाचं. हा मुलगा दफ्तर सांभाळायचा, पाटाला पाट लावून जेवायचा, आणि एखाद्या दिवशी गावच्या चावडीत हिशेबाच्या वह्यांवर मान टाकून म्हातारा व्हायचा. पण त्याला लागलं तमाशाचं वेड. तमाशा तेव्हा होता प्रामुख्याने महार-मांगांचा, कोल्हाट्यांचा. त्या फडात उभं राहणं म्हणजे जात जाणं, घर जाणं आणि गावातली पत जाणं. श्रीधर कुलकर्ण्याने हे सगळं जाऊ दिलं आणि तो पठ्ठे बापूराव झाला. ब्राह्मण्याची वस्त्रं बाजूला ठेवून आपण या वाटेला आलो, हे त्यांनी स्वतःच्या कवनातही लपवलं नाही, उलट छातीवर मिरवलं. आपण दोन लाख लावण्या रचल्या असं ते सांगत, म्हणतात. आकडा बाजूला ठेवू. पण गण, गवळण, लावणी, वग या तमाशाच्या प्रत्येक अंगात त्यांच्या शब्दांनी जी भर घातली ती ढोलकीवर उभं राहणारा प्रत्येक फड पुढे वापरत आला. त्यांचा मिठाराणीचा वग खुद्द शाहू महाराजांपुढे झाला.

पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. जातीने महार. खंडोबाला वाहिलेल्या मुरळीच्या परंपरेतून ती आली, असं सांगतात. दिसायला अशी, की तिच्या नावामागे लोकांनी 'नामचंद' ही पदवीच लावली. तमाशात बाईची भूमिका एके काळी नाच्या पोऱ्या करी. प्रत्यक्ष स्त्री बोर्डावर उभी राहू लागली त्या काळातल्या पहिल्या नामवंतांत पवळेचं नाव येतं. ती बापूरावांच्या फडात आली आणि फडाचं नशीब पालटलं. मुंबईत थिएटरांपुढे गर्दी लोटू लागली. नुसतं तिला पाहण्यासाठी लोक पैसे मोजत, अशा गोष्टी आजही सांगितल्या जातात.

इथे जरा थांबायला हवं. कारण दोन कलावंतांचं प्रेम हे इतर दोघांच्या प्रेमासारखं नसतं. ते कामात असतं. लावणी कागदावर लिहिली म्हणजे झाली असं नाही. शब्द शाहिराचे. पण कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठल्या अक्षरावर मान वळवायची, ढोलकीच्या तोड्याला पायातल्या चाळाने कसं उत्तर द्यायचं, झीलकऱ्यांनी ओळ उचलली की मधल्या त्या क्षणभरात नजरेने काय सांगायचं, हे सगळं बोर्डावरची बाई करते. ज्याला हे कळतं तो शाहीर बाईसमोर ठेवून लिहितो. ती असं म्हणेल, इथे अशी वळेल, हे त्याला लिहितानाच दिसत असतं. आणि जिला हे कळतं ती बाई त्याच्या ओळीत त्याने न लिहिलेलंही आणून ठेवते. असं एकमेकांत मिसळलेलं काम वर्षानुवर्षं, रात्रीमागून रात्री, हजारो डोळ्यांपुढे करणाऱ्या दोघांमध्ये ओढ निर्माण झाली नसती तरच नवल. ती ओढ खरी होती. त्यातली आगही खरी होती. ती नाकारून मला हा लेख लिहायचा नाही.

पुढे दोघांचं बिनसलं. पवळा फडातून निघून गेली. फडाची घडी विस्कटली ती पुन्हा तशी बसली नाही. ज्या माणसाच्या लावण्यांवर कित्येक फड जगले, त्याचे अखेरचे दिवस पुण्यात हलाखीत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी बापूराव गेले.

आपण ही कथा कशी सांगत आलो? एका विद्वान ब्राह्मणाने एका महार स्त्रीसाठी जात सोडली, घर सोडलं, सोवळं सोडलं. केवढा त्याग, केवढं वेड, आणि शेवटी केवढा एकटेपणा! १९५०मध्ये त्यांच्यावर चित्रपटही आला. त्याआधी १९४७मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' आला होता. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांनी तो घराघरात नेला आणि मराठी पडद्यावर तमाशापटांची लाटच आली. तिथेही सोलापूरचा ब्राह्मण कवी, तिथेही फडातली बया, आणि तिथेही प्रश्न एकच : हा एवढा मोठा माणूस कुठून कुठे गेला! १९७२च्या 'पिंजरा'मध्ये कवीच्या जागी मास्तर आले, पण गोष्टीचं माप तेच राहिलं. पुरुष किती उंचावरून खाली आला, यावर प्रेम मोजायचं. बाई मुळात खालीच होती, तेव्हा तिने काय गमावलं हा प्रश्नच उद्भवत नाही!

वाचकहो, आपल्या भाषेकडेच पाहा ना. या लेखात मी आत्तापर्यंत 'बापूराव आले, बापूरावांनी रचलं' असं लिहिलं आणि 'पवळा आली, पवळा निघून गेली' असं लिहिलं. मुद्दाम नाही लिहिलं. हात आपोआप तसाच वळला. एकाला आदरार्थी बहुवचन, दुसरीला एकेरी. दोघं एकाच बोर्डावरचे कलावंत, एकाच्या यशाला दुसऱ्याचा आधार. तरी व्याकरणाने आपली वाटणी आधीच करून ठेवलेली आहे. तेव्हा इथून पुढे मी पवळाबाई म्हणेन. उशीर झाला आहे, पण म्हणेन.

लावणीच्या घडणीतही हीच वाटणी आहे. लावणीतली 'मी' बहुतेक वेळा स्त्री असते. वाट पाहते ती, रुसते ती, तळमळते ती. पण शेवटच्या कडव्यात नाममुद्रा येते ती शाहिराची. म्हणजे तळमळ तिच्या तोंडी, सही त्याची. पवळाबाईंच्या गळ्यातून, पायांतून, नजरेतून जे गाणं उभं राहिलं, त्यावर त्यांची सही कुठेच नाही. बापूरावांच्या लावण्यांची पुस्तकं निघाली. पवळाबाईंनी त्या लावण्यांना काय दिलं ते छापता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ते त्यांच्याबरोबर गेलं. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच बोलणं आपल्यापर्यंत पोहोचलं, आणि ते शब्दांत नाही : त्या निघून गेल्या. या एका कृतीला आपण 'बापूरावांचं दुर्दैव' असं नाव देऊन टाकलं. ते पवळाबाईंचं उत्तर असू शकेल, असा विचार कोणी फारसा केला नाही.

आता महाडकडे येऊ.

१९२७ सालच्या मार्चमध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत गेले. ओंजळीने पाणी प्याले. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव आधीच केलेला होता. तो कागदावरून पाण्यापर्यंत नेण्याचं काम त्या दिवशी झालं. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची हाक गेली. चळवळीला पैसा हवा होता. गरीब माणसं आणे-दोन आणे देत होती.

या काळातली एक आठवण आंबेडकरी चळवळीत वारंवार सांगितली गेली आहे. पठ्ठे बापूराव मुंबईत बाबासाहेबांकडे गेले आणि म्हणाले, की आपल्या तमाशाच्या काही खेळांचं उत्पन्न महाडच्या सत्याग्रहासाठी देण्याची इच्छा आहे. खेळ आठ होते असं सांगतात. पवळाबाई बरोबर होत्या असंही काहीजण सांगतात. बाबासाहेबांनी देणगी नाकारली. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा मला नको, असा त्या नकाराचा आशय होता. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, गाभा बदलत नाही.

पहिल्यांदा ही आठवण वाचली तेव्हा मला बापूरावांचं वाईट वाटलं होतं. ज्याने जात सोडली, ज्याचं जेवणखाण, उठणंबसणं, प्रेम सगळं अस्पृश्य मानलेल्या माणसांत होतं, तो आपली कमाई घेऊन दाराशी आला आणि त्याला परत पाठवलं! हा नकार ब्राह्मण म्हणून होता का? मुळीच नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे ब्राह्मणच होते आणि बाबासाहेबांचे जवळचे सहकारी होते. म्हणजे अडचण बापूरावांच्या जन्माची नव्हती. पैसा कशातून आला याची होती.

आणि इथे त्या प्रेमकथेचं दुसरं पान उलगडतं. बापूरावांनी जात सोडली हे खरं. पण पवळाबाईंना त्यांची जात सोडता आली का? तमाशात नाचणं हे त्या काळी कोणा मुलीने आवडीने निवडलेलं करिअर नव्हतं. गावकीची कामं जशी जातीने ठरलेली, मेलेलं जनावर ओढणं जसं जातीने ठरलेलं, तसंच अमक्या जातींच्या बायांनी नाचावं आणि तमक्यांनी पाहावं हेही ठरलेलं. दौलतजादा करणारा हात पाटलाचा, सावकाराचा. आणि पुढे येऊन तो रुपया घेणारी बाई महाराची, मांगाची, कोल्हाट्याची. दिवसा जिच्या सावलीचा विटाळ, रात्री तिच्यावर रुपये उधळायचे, हा त्यातला व्यवहार. बापूराव वरून खाली उतरले त्याला आपण प्रेम म्हटलं, त्याग म्हटलं. पवळाबाई होत्या तिथेच राहिल्या. फरक इतकाच, की आता त्यांना पाहायला तिकीट लागलं.

डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. जातीची खूण सांगणारे ते जाड दागिने टाका, लुगडं आखूड नेसू नका, अंगभर नीट नेसा, मुलींना शाळेत घाला, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायकांनी नेसण्याची तऱ्हा बदललेली होती, असं त्या परिषदेच्या आठवणींत आहे. पुढे १९३६मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणींच्या सभेत हेच जास्त कठोर शब्दांत सांगितलं. हे सोवळेपणाचं बोलणं नव्हतं. या समाजाच्या बाईचा देह गावाच्या करमणुकीसाठी राखून ठेवलेला आहे, तो करार मोडला पाहिजे, असं ते बोलणं होतं. ज्या चळवळीने तळ्याच्या पाण्यावर माणूस म्हणून हक्क सांगितला, तिने त्याच कराराच्या पैशावर उभं राहायचं कसं? म्हणून तो नकार मला आज योग्य वाटतो. एका माणसाचं मन दुखावलं. पण हजारो बायांना, तुमची इज्जत आमच्या फंडापेक्षा मोठी आहे, हे कोणीतरी प्रथमच सांगितलं.

तरीही एक सल राहतोच. त्या सगळ्या बोलण्यात पवळाबाईंना कोणी काही विचारलं का? देणारे बापूराव, नाकारणारे बाबासाहेब. पैसा ज्यांच्या नाचातून येणार होता त्यांचं मत काय होतं? आपल्या लोकांच्या लढ्यासाठी आपली कला कामी यावी असं त्यांना वाटलं असेल का? का मनातून, बरं झालं, कोणीतरी हे नाही म्हटलं, असं वाटलं असेल? चळवळीने तमाशाचा साचा टाकून दिला नाही. भीमराव कर्डकांसारख्यांनी त्यातूनच आंबेडकरी जलसे उभे केले आणि गावोगाव विचार नेला. कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा आहे, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात. पण त्या जलशांत बाईची भूमिका पुरुषच करीत. इज्जत परत मिळवताना बोर्ड हातचा गेला. तेव्हा दुसरा मार्ग नसेलही. पण किंमत कोणी मोजली, हे लक्षात ठेवायला हवं.

सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या, मूळच्या पुण्याच्या येरवड्यातल्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर २०२२मध्ये इंग्रजीत एक मोठं पुस्तक लिहिलं. २०२४मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. जो प्रश्न आपण घरात कधी विचारला नाही तो जगाच्या दुसऱ्या टोकाला अभ्यासाचा विषय झाला, याचा अभिमान वाटावा की संकोच, हे ज्याने त्याने ठरवावं.

काहीजण म्हणतील, झालं गेलं, आता हे उकरून काय मिळणार? बापूराव-पवळा दोघंही गेले. लावण्या राहिल्या, त्या ऐकाव्या, आनंद घ्यावा. मान्य आहे, पण आनंद घेताना आपण काय करतो तेही पाहू. मुलगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये लावणीवर नाचते तेव्हा आई हौसेने नऊवारी नेसवते, बाबा शूटिंग करतात, आजी दृष्ट काढते. सोसायटीच्या गणपतीत लावणी, टीव्हीच्या स्पर्धेत लावणी. आणि त्याच घरात मुलीने आवाज चढवला की आपण म्हणतो, "तमाशा करू नकोस!" गाणं घेतलं, नाच घेतला, नथ आणि शालूही घेतला. ज्यांच्या अंगावर ही कला वाढली त्या बायांचं नाव मात्र शिवी म्हणून वापरायला ठेवलं.

नाव देणं अवघड नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरावरून खाली उतरलं की वाई लागते. तिथल्या यमुनाबाई वाईकरांनी बैठकीची लावणी आयुष्यभर जपली; २०१२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८मध्ये त्या गेल्या, वयाची शंभरी ओलांडून. विठाबाई नारायणगावकरांचा फड त्यांच्या स्वतःच्या नावाने उभा राहिला, आणि तमाशा क्षेत्रातल्या कामगिरीसाठी राज्य सरकार जो जीवनगौरव पुरस्कार देतं तो त्यांच्या नावाचा आहे. जात्यावरच्या ओव्यांना तर कधीच सही नव्हती. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही टिपून ठेवलं. आणि एकतारी घेऊन भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात आज स्वतःच्या नावाने ओळखल्या जातात. ज्या बोर्डावरून बाईला बाजूला व्हावं लागलं होतं, तिथे ती स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या अटींवर परत आली आहे.

मग पवळाबाईंना काय द्यायचं? पुतळा द्यावा, पुरस्कार द्यावा, असं मी म्हणणार नाही. ते ज्यांचं काम त्यांनी पाहावं. तुमच्या-माझ्या हातात त्याहून साधी गोष्ट आहे. बापूरावांची लावणी कुठेही सादर होईल तेव्हा निवेदकाने 'शब्द पठ्ठे बापूरावांचे' म्हणून थांबू नये. ज्यांच्या अंगाने हे शब्द महाराष्ट्राने पहिल्यांदा पाहिले त्या हिवरगावच्या पवळाबाई, हेही म्हणावं. आणि त्या दोघांची प्रेमकथा सांगताना त्याने काय सोडलं, याच्या जोडीला तिला काय सोडता आलं नाही, हेही सांगावं. त्याने प्रेम लहान होत नाही. ते अधिक खरं होतं, आणि खरं झाल्यामुळे जास्त दुखतं, एवढंच.

संध्याकाळी पाळण्यातून खाली उतरताना हिरकणीचा कडा समोर दिसत होता. मनात आलं, तमाशात गणानंतर गवळण येते. दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण. तीही डोक्यावर दूध घेऊन निघालेली बाई, हीही डोक्यावर दूध घेऊन निघालेली बाई. एकीच्या प्रेमात मूल होतं, म्हणून आपण तिच्या नावाचा बुरूज सांभाळला, तिच्यावर चित्रपट काढला, तिच्या नावाची वाडी वसवली. दुसरीच्या प्रेमात पुरुष होता, ढोलकी होती, पायांत चाळ होते, म्हणून तिला गडाच्या पायथ्याशी आवाज बंद करायला सांगितलं. आईच्या मायेला नमस्कार करायला आपल्याला कधीच जड गेलं नाही. कलावंत बाईच्या प्रेमाकडे, तिच्या कष्टाकडे, तिच्या निघून जाण्याकडे मान वर करून पाहायला मात्र आपण अजून शिकतो आहोत.

खाली आलो तेव्हा ताकवाली आजी भांडी आवरत होती. सकाळच्या त्या गृहस्थांनी तिला उत्तर दिलं नव्हतं, मीही दिलं नव्हतं. आता द्यायला हरकत नाही. होय आजी, हिरकणी गवळणच होती. त्या मुलाला गाणं लावू द्यायला हवं होतं.